थंडीतलं थंडीत मोजायचं

बाईंचा स्वेटर मरून रंगाचा, हातानं विणलेला, पुढे फुलाफुलांची बटणं असलेला होता आणि तो त्या फक्त उन्हाळ्यात वापरायच्या. हिवाळ्यात शाल. दिल्लीच्या जूनमध्ये गरम वाऱ्याची लू सुटलेली असायची, चार्टर्ड बसच्या पत्र्याला कोपर लागलं तर चटका बसायचा, आणि बाई मयूर विहारच्या स्टॉपवर खांद्याला पर्स अडकवून, दंडावर स्वेटर टाकून उभ्या असायच्या. बसमध्ये एक वयस्क सरदारजी होते. ते रोज विचारायचे, "मॅडमजी, शिमला जा रहे हो?"

"नहीं, ऑफिस," बाई रोज तितक्याच गंभीरपणे सांगायच्या. त्यांना हा विनोद आहे हे कळत नव्हतं की कळून त्या उत्तर देत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑफिस म्हणजे गुडगावची आमची कंपनी. तेव्हा त्याला गुरुग्राम कुणी म्हणत नसे. आजूबाजूला मोहरीची शेतं होती, मध्येच एखादी काचेची इमारत उभी राहत होती. आम्ही रक्ततपासणीची किट बनवत असू. त्या किटमध्ये एक एन्झाइम लागायचं, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन. ते बुरशीतून काढून शुद्ध करण्याचं काम बाईंकडे होतं. एका सरकारी संस्थेतून निवृत्त होऊन त्या करारावर आल्या होत्या. मी जळगावहून एमएस्सी करून आलेला, त्यांच्या हाताखालचा. मराठी म्हणून त्यांनी मला घेतलं असं सगळे म्हणायचे. बाई म्हणायच्या, "काचसामान नीट धुतो म्हणून घेतला."

स्वेटरचं कारण साधं होतं. प्रथिन उष्णतेनं बिघडतं, म्हणून शुद्धीकरण कोल्ड रूममध्ये चालायचं. फ्रीजमध्ये उभं राहावं तशी ती खोली. तिथे जे द्रावण वापरायचं त्याचा आम्लपणा, म्हणजे पीएच, एका आकड्यावर धरून ठेवावा लागतो. तो धरायला आम्ही ट्रिस नावाची पांढरी पूड वापरायचो. या ट्रिसचा एक गुण आहे. गरम खोलीत पीएच आठ करून ठेवा, थंडीत नेलं की तो आपोआप वर, नऊकडे सरकतो. इतर प्रयोगशाळांत लोक बाहेर मोजतात आणि हिशेबानं फरक धरतात. बाईंना ते मान्य नव्हतं.

"थंडीत वापरायचं ते थंडीतच मोजायचं," त्या म्हणायच्या. "हिशेब कशाला? आत जा, बस, मोज." आणि त्या स्वतः स्वेटर चढवून कोल्ड रूमच्या स्टुलावर अर्धा-पाऊण तास पीएच मीटरसमोर बसायच्या, देवापुढे बसल्यासारख्या. बाहेर आल्या की चष्म्यावर धुकं जमलेलं असायचं. तो पुसेपर्यंत त्यांना आम्ही कुणी दिसत नसू आणि त्या तशाच, अंदाजानं, माझ्याऐवजी खुर्चीशी बोलायला लागायच्या.

*

मयूर विहार ते गुडगाव म्हणजे निजामुद्दीनचा पूल, रिंग रोड, धौला कुआँ. सव्वा तास लागायचा. त्या सव्वा तासात बाईंनी मला अमिनो आम्लं शिकवली. माझी पदवी होती, नावं पाठ होती. बाईंच्या मते मला काहीच येत नव्हतं आणि ते खरं होतं.

"प्रथिन म्हणजे माळ. मणी अमिनो आम्लांचे. सगळ्यांचा कणा एकसारखा. मग फरक कशात?"

"साइड चेनमध्ये."

"हां. बाजूला जे लोंबतंय त्यात. ल्युसीन, व्हॅलीन, फेनिलअॅलॅनीन ही तेलकट मंडळी. यांना पाणी नको. ती आत जाऊन एकमेकांना चिकटून बसतात."

"तेल तेलाला ओढतं."

"इथंच चुकतात सगळे. तेल तेलाला ओढत नाही रे, पाणी त्याला नको म्हणतं. पाण्याला आपापसात हात धरायचे असतात. हे मधे तडमडतात, म्हणून त्यांना आत ढकललं जातं." मग त्यांनी बसकडे हात केला. लू नको म्हणून खिडकीजवळच्या जागा सोडून लोक मधल्या बाजूला दाटीवाटीनं बसले होते. "बघ. कुणी कुणाला बोलावलंय का? बाहेरचं नको म्हणून आत आलेत."

सेरीन, थ्रेओनीन यांच्यावर भार नाही, पण पाण्याशी त्यांचं जमतं. अॅस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक आम्लांवर ऋण भार असतो. लायसीन आणि आर्जिनीनवर धन. ही भारवाली सगळी बाहेर, पाण्याच्या तोंडावर. आणि हिस्टिडीन असा की आसपासचा पीएच जरा हलला की भार घेतो, जरा हलला की सोडतो.

"म्हणजे लायसीनवर कायम धन भार," मी एकदा म्हणालो.

"कशात?"

हा बाईंचा प्रश्न होता. कुठल्याही वाक्याला. लायसीनवर धन भार असतो. कशात? साध्या पाण्यात असतो. पीएच खूप वर नेलास तर उतरतो. तेलकट मंडळींच्या मधे कोंबलास तर त्याच्या आधीच उतरतो. कुणी म्हणालं द्वारकेत फ्लॅट स्वस्त मिळताहेत, की बाई म्हणायच्या, "कशाच्या मानानं?" कुणी म्हणालं अमक्याचा मुलगा हुशार आहे, की "कशात?" सोसायटीतल्या बायका त्यांच्याशी जपून बोलायच्या.

एक दिवस मी चलाखी करायला गेलो. म्हणालो, "बाई, आपले मालक म्हणजे ल्युसीन. आणि सरदारजी सेरीन."

त्यांनी चष्मा काढला. "असं माणसांना लावू नकोस."

"गंमत केली."

"गमतीतही नको. माणसं खोटं बोलतात. ल्युसीन कधी बोलत नाही. त्याला ज्या द्रावणात ठेवशील त्यात तो जे करायचं तेच करेल. म्हणून तर हे शास्त्र जमतं."

हे मी तेव्हा विसरून गेलो. नंतर विसरता आलं नाही.

*

बाईंच्या घरी रविवारी जेवायला मला कायमचं बोलावणं होतं. काका, म्हणजे बाईंचे यजमान, मंत्रालयातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आमच्याकडे लोकरीचे कपडे उन्हाळ्यात उन्हात घालायची पद्धत आहे. ही अंगात घालते."

बाईंनी त्या दिवशी पनीर करायला घेतलं होतं. उकळत्या दुधात लिंबू पिळून त्या मला म्हणाल्या, "बघ काय झालं."

काका म्हणाले, "दूध नासलं."

"नासलं नाही. दुधातल्या प्रथिनांवर ऋण भार होता, म्हणून ती एकमेकांना लांब ठेवत होती. लिंबानं तो भार काढून घेतला. आता लांब राहायला कारण उरलं नाही, म्हणून गोळा झाली."

"बरं, भार गेला," काका म्हणाले. "आता चहा कशाचा करू?"

सगळं दूध त्यात गेलं होतं. मी खाली जाऊन मदर डेअरीतून दूध आणलं. बाई त्या दिवशी जेवणभर खुश होत्या.

शिकवायला त्यांनी एक वस्तू केली होती. लोकरीचा लांब धागा आणि त्यावर ओळीनं शिवलेली बटणं. पिवळी म्हणजे तेलकट, पांढरी म्हणजे पाण्याशी जमणारी, लाल म्हणजे धन, काळी म्हणजे ऋण. धागा हातात घेऊन त्याची गुंडी करायची ती अशी की पिवळी आत जातील आणि लाल-काळी बाहेर राहतील. "घरातल्या एकाही शर्टाला गळ्याचं बटण नाही," काका म्हणायचे. हे खरं होतं. काकांचे शर्ट मी स्वतः पाहिले आहेत.

*

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्या कंपनीची प्रयोगशाळा आणि पुढचं ऑफिस यांच्यामध्ये मालकांनी काचेची भिंत घातली होती. परदेशी पाहुणे येतील, त्यांना सगळं दिसलं पाहिजे, हा त्यांचा अभिमान. "पूरा ट्रान्सपरंट," ते म्हणायचे. कोल्ड रूमच्या दारालाही काच होती आणि आतलं स्टूल बरोबर तिच्यासमोर. काचेपलीकडे मार्केटिंगची टाय लावलेली, माझ्याच वयाची मुलं आणि रिसेप्शनवरची मुलगी बसायची. बाईंनी मला एकदा त्यांचा स्वेटर घालून आत बसवलं होतं, तेव्हा त्यातल्या एकानं काचेवर टकटक करून हात जोडले होते. "आंटीजी, नमस्ते." पुढचा आठवडाभर मी आंटीजी होतो. रिसेप्शनवरची मुलगी हसली होती. बाकीच्यांचं काही नाही, ती हसली हे मला लागलं.

त्या जूनमध्ये कंपनीचं एन्झाइम पाहायला परदेशी भागीदार येणार होते. ते पसंत पडलं तर इथंच बनवायचं, नाहीतर तयार आयात करायचं. आयातीवरचं शुल्क उतरत चाललं होतं आणि मालकांचा कल कुठे होता हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंचा करारही त्यावरच अवलंबून. नेमकी त्यांच्या भेटीच्या आदल्या दिवशी काकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. बाईंनी सगळी तयारी करून ठेवली, शेवटची, या एन्झाइमवर पहिल्यांदाच करायची पायरी माझ्यावर सोपवली आणि निघताना म्हणाल्या, "माझा स्वेटर खुंटीला ठेवून जातेय. लाजू नकोस."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. जनरेटर फक्त कोल्ड रूमला आणि फ्रीजना. बाहेर बेंचवर घाम टपकत होता. मी ट्रिसचं द्रावण केलं. आता बॅटरीवरचा मीटर घेऊन आत जायचं, स्वेटर घालून काचेसमोर बसायचं, एवढंच बाकी होतं. रिसेप्शनवरची मुलगी जागेवर होती. लाइट नसल्यामुळे कुणालाच काम नव्हतं, सगळे काचेकडे तोंड करून बसले होते.

मी बेंचवरच मोजलं. बरोबर आठ केलं. द्रावण आत नेलं, कॉलम सुरू करून दिला आणि बाहेर आलो. आत थांबायला लागलं नाही, स्वेटर खुंटीवरच राहिला.

कॉलम म्हणजे काचेची नळी, तिच्यात धन भाराचं रेझिन, म्हणजे बारीक दाणे, भरलेलं. ऋण भाराचं प्रथिन त्याला चिकटतं आणि कचरा वाहून जातो. मग मिठाचं पाणी सोडलं की प्रथिन सुटून खाली येतं. त्या दिवशी मीठ सोडलं, खाली काही आलं नाही. वाहून गेलेलं पाणी तपासलं, त्यातही नव्हतं. काय झालं हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. अर्ध्या तासात कळलं होतं. आत पीएच नऊ झाला होता, प्रथिनाचा ऋण भार वाढला होता आणि ते रेझिनला घट्ट धरून बसलं होतं. मीठ वाढवलं असतं तर कदाचित सुटलं असतं. पण मग बाईंना सांगावं लागलं असतं की का वाढवलं. मालक काचेपलीकडून ओरडले, "कल के लिए सब क्लीन करो!" त्यांच्या मनात काचसामान होतं. मी प्रथिन धरून बसलेलं रेझिनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर आल्या. प्रथिन सुटलं नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"कुठे मोजलंस?"

"कोल्ड रूममध्ये."

"स्वेटर घातलास ना? गारठला असशील."

"घातला."

बाईंनी मान हलवली आणि लगेच विचारात पडल्या. मला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. पीएच आठ होता ही गोष्ट त्यांच्यासाठी ठरली. मी मोजलं होतं म्हणजे मोजलं होतं. आता पीएच बरोबर, मीठ बरोबर, आणि तरी प्रथिन सुटलं नाही, म्हणजे दोष दुसरीकडे असणार. शंका घ्यायला त्यांच्यापाशी स्वतःशिवाय दुसरं कोण उरलं होतं?

पाहुण्यांसमोर मालकांनी विचारलं, "मॅडमजी, हुआ क्या?"

बाई म्हणाल्या, "पद्धत में गलती है. मेरी है. लड़के ने जैसा बोला था वैसा ही किया."

मी तिथेच खुर्चीवर होतो. पाहुण्यांना चहा दिला जात होता. बोलायला जागा होती, वेळ होता, तोंड उघडायचं तेवढं राहिलं. मालकांनी फार नम्रपणे सांगितलं, "कोई बात नहीं जी, अब तो सब बाहर से आ जाता है." महिना संपायच्या आत बाईंचा करारही संपला. आम्ही एन्झाइम बनवणं बंद केलं, बाहेरून आलेल्या बाटल्यांवर आमची लेबलं लावायला लागलो. मला टाय मिळाला, काचेच्या पलीकडची खुर्ची मिळाली. पुढे कंपन्या बदलल्या. द्वारकेत फ्लॅट झाला.

*

बाईंकडे रविवारी जाणं मी सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं, असं वाटायचं, कारण बाई त्या प्रथिनातून बाहेरच आल्या नाहीत.

"मला वाटतं, त्यात एक लायसीन लपलेला आहे," एका रविवारी त्या म्हणाल्या. पोळी हातात तशीच. "बघ हां. पीएच आठला ते इतकं घट्ट चिकटलं, म्हणजे आम्ही धरत होतो त्याहून त्याच्यावर ऋण भार जास्त होता. म्हणजे कुठला तरी धन भार आठलाच उतरला. कुठला उतरेल? तेलकट मंडळींत कोंबलेला लायसीन!" आणि त्यांनी लोकरीची गुंडी आणून एक लाल बटण बोटानं पिवळ्यांच्या मध्ये आत खोल ढकललं.

सिद्धांत सुंदर होता. असे लायसीन असतात. फक्त यात नव्हता. मी म्हणालो, "असू शकतं, बाई."

राजेंद्रनगरात आयएएसच्या तयारीला आलेली आपली मुलं-मुली होती, लातूर, परभणी, धुळ्याकडची. प्राणिशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतलेली. त्यांना बाईंचा पत्ता कुणी तरी दिला आणि घरच्या जेवणासाठी आलेली ती मुलं अमिनो आम्लं शिकून जायला लागली. बाई पैसे घेत नसत. वर्षानुवर्षं त्यांनी प्रत्येक तुकडीला लपलेल्या लायसीनची गोष्ट सांगितली. "तुमच्या या काकांनी स्वतः मोजलंय," त्या मला पुढे करून सांगायच्या. मुलं आदरानं बघायची. मी पोळी वाढून घ्यायचो.

मग बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आली. ती अजून बाईंच्या जुन्या संस्थेत होती. त्या एन्झाइमची रचना आता कुणीतरी शोधली होती, संगणकावर चित्र होतं, प्रत्येक साइड चेन कुठे आहे ते दिसत होतं. तिनं कौतुकानं दाखवायला आणलं. सगळे लायसीन बाहेर होते. एकही आत नव्हता.

हे मला काकांनी फोनवर सांगितलं. "अरे, ही शिकवत नाहीये. मुलांना परत पाठवलं. गॅस बंद केलाय का ते उठून उठून बघते. आमटीत मीठ घातलं का, मला विचारते. काल म्हणाली, एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं चुकीची शिकवली, आता मला माझं कुठलंच खरं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. तू येशील का? तुझं ती ऐकते."

द्वारका ते मयूर विहार आता मेट्रोनं एकच गाडी. यमुना ओलांडेपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं. काही तरी दिलासा द्यावा, चित्रात चूक असेल असं म्हणावं, असंही मनात होतं. म्हणजे आणखी एक खोटं.

बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. लोकरीची गुंडी समोर.

"बाई, त्या दिवशी मी बाहेर मोजलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"काकांच्या मोतीबिंदूच्या."

"बाहेर म्हणजे?"

"बेंचवर. लाइट गेली होती. आत गेलोच नाही."

"पण तू म्हणालास..."

"खोटं बोललो."

काका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "तापमान किती होतं?"

"चाळिसाच्या आसपास."

त्यांनी टेबलावर बोटानं काही तरी मांडलं. ओठ हलत होते. "नऊ," त्या म्हणाल्या. "आत नेल्यावर नऊ झालं." त्यांनी गुंडी उचलली, दोन बोटं पिवळ्या बटणांच्या मध्ये घातली आणि आत दाबलेलं लाल बटण ओढून बाहेर काढलं. मग वळून काकांना म्हणाल्या, "अहो, पद्धत बरोबर होती."

काकांनी ट्रे खाली ठेवला. एक कप बाईंपुढे केला. दुसरा माझा होता. तो त्यांनी उचलला आणि आत घेऊन गेले. त्यानंतर काका माझ्याशी हवापाण्याखेरीज कधी बोलले नाहीत.

मी तयारी करून आलो होतो. का मोजलं नाही, का बोललो नाही, सगळं मनात जुळवलेलं. बाईंनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "रविवारी ये. मुलांना बोलावते. सांगायला पाहिजे."

*

तेव्हापासून दर नव्या तुकडीला ते शिकवण्याचा एक रविवार ठरला. बाई मला समोर बसवायच्या आणि मुलांना सांगायच्या, "हे माझे सहकारी. यांनी गरम खोलीत मोजलं आणि मला थंडीत मोजलं म्हणून सांगितलं. आता सांगा, प्रथिनाचं काय झालं असेल?" आवाजात राग नसायचा. मुलं आधी हसायची, मग वहीत डोकं घालायची, मग एखादं बरोबर उत्तरापर्यंत पोहोचायचं आणि बाईंचा चेहरा उजळायचा. माझ्यावरून किती जण ट्रिस शिकले, मोजलं नाही. त्यांतले काही आता कलेक्टर आहेत.

मी एकदाही चुकवलं नाही. काकांनी दार उघडायचं, "आज ऊन आहे" म्हणायचं, मी आत जायचं. गुंडीतली बटणं एव्हाना सैल झाली होती, लाल एक तुटून पडलं होतं. त्या जागी बाईंनी मरून स्वेटरचं फुलाचं बटण काढून शिवलं होतं. स्वेटर आता लागत नव्हता.

शेवटच्या वर्षीची तुकडी आठवते. बाई थकल्या होत्या, बसून शिकवायच्या. परभणीकडची एक मुलगी होती, डोक्यावर ओढणी, हातात पेन उभं धरलेलं. बाकीची मुलं पीएच मांडत होती. तिनं सरळ मला विचारलं, "सर, पण तुम्ही खोटं का बोललात?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाईंनीही नाही. उत्तर माझ्याकडे तयार होतं. काच, टाय लावलेली मुलं, आंटीजी, रिसेप्शनवरची ती मुलगी, जिचं नावही आता मला आठवत नाही. इतकं लहान कारण. पण माझं होतं आणि मला ते एकदा बाईंसमोर मोठ्यानं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

"तो आपला विषय नाही," बाई म्हणाल्या. "तापमान किती होतं ते विचार."

मुलीनं विचारलं. मी खरं सांगितलं. तिनं लिहून घेतलं.